दोघांचंही बरोबर

परवा रविवारी माझ्याच घरात, माझ्याच सोफ्यावर बसून, मी केलेला चहा पीत एका गृहस्थांनी मला संभाव्यता शिकवली. त्यावर माझ्या नवऱ्याने मान डोलावली. भांडण मिटलं असं घरात सगळ्यांना वाटतंय. वाटू दे.

सई दहावीला आहे. बीजगणितात पाचवं प्रकरण संभाव्यता, सहावं सांख्यिकी. दोन्ही माझ्याकडे, कारण माझी पदवीच सांख्यिकीची. (हे वाक्य मी घरात इतक्यांदा म्हटलंय की आता कुणी मान वर करून बघतही नाही.) गणित असं: नीट पिसलेल्या 52 पत्त्यांतून एक पत्ता काढला, तर तो चित्राचा असण्याची संभाव्यता किती? सई म्हणाली, "चित्र तर सगळ्यांवरच असतं ना, मागच्या बाजूला?"

या मुलीने जन्मात पत्ते हातात धरलेले नाहीत. आम्ही मे महिन्याच्या सुट्टीत मेंढीकोट आणि बदाम सात खेळून किलवर-इस्पिक शिकलो, त्यात शिकण्यासारखं काही आहे हेही कळलं नाही. आता पोरांना गुलाम म्हणजे कोण हे पाठ करावं लागतं. राजा, राणी, गुलाम, चार प्रकारांत तीन-तीन, झाले 12, म्हणून 12/52, म्हणजे 3/13. पाठ केलं की मार्क मिळतात. पण मला ते काही पटेना, म्हणून आमच्या सांगलीच्या विश्रामबागेत कोपऱ्यावरच्या दुकानात पत्त्यांचा कॅट आणायला गेले.

दुकानदाराने आधी माझ्याकडे बघितलं, मग रस्त्याकडे. कॅट वर्तमानपत्रात गुंडाळला, वर दोरा बांधला. बायकांना दुकानातून आणखी एक वस्तू अशी गुंडाळून मिळते. ती कोणती, हे बायकांना सांगायला नको आणि पुरुषांना सांगून उपयोग नाही.

गेटपाशी अण्णा.

अण्णा आमच्या तळमजल्यावर राहतात. उभा जन्म हळदीच्या व्यापारात गेला. हरिपूरला पेवं असतात, जमिनीत खोल खणलेली, त्यात हळद उतरवायची, तोंड बंद करायचं आणि भाव चढायची वाट बघायची. यात धीर लागतो हे खरंच. आता व्यापार मुलाकडे. अण्णा दिवसभर गेटजवळ प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून कोण काय घेऊन आत जातंय यावर लक्ष ठेवतात. हाताच्या नखांच्या कडा अजून पिवळट आहेत, का मलाच तसं वाटतं, कोण जाणे.

"सूनबाई, पुडक्यात काय?"

"पत्ते."

"कुणाचे?"

"खेळायचे, अण्णा. सईच्या गणितासाठी."

अण्णा पोट धरून हसले. "पत्त्यावर गणित? मग आमच्या मार्केटातली निम्मी माणसं प्रोफेसर व्हायला पाहिजे होती." आणि खुर्ची तशीच सोडून ते माझ्यामागून जिना चढले. मी बोलावलं नव्हतं. हे लिहून ठेवते, कारण नवऱ्याचं म्हणणं आहे की मीच बोलावलं.

पत्त्यांचा भाग बरा गेला. अण्णा पत्ते फार देखणे पिसतात. दोन गठ्ठे अंगठ्यांनी वाकवून सोडले की फर्रर्र आवाज होऊन ते एकमेकांत जातात. सई बघतच राहिली. तिथेच त्यांचा अधिकार प्रस्थापित झाला, आणि माझी पदवी वीस वर्षांत जे करू शकली नाही ते त्या फर्ररने अर्ध्या मिनिटात केलं.

मग पुढचं गणित. दोन नाणी एकाच वेळी फेकली, कमीत कमी एक छापा मिळण्याची संभाव्यता किती? सईने माझी मदत न घेता नमुना अवकाश, म्हणजे जे जे पडू शकतं त्याची यादी, लिहिली. छापा-छापा, छापा-काटा, काटा-छापा, काटा-काटा. चारातले तीन. 3/4. मी खूश.

"तीनातले दोन," अण्णा चहात बिस्किट बुडवत म्हणाले.

"काय अण्णा?"

"चार कुठनं आले? हे बघ पोरी. पहिलं नाणं टाकलं, छापा पडला. काम झालं का नाही? दुसरं बघायचं कशाला? सौदा झाला, माल उचलला, घरी गेलो. आता धर, काटा पडला. मग दुसरं बघ. त्याला छापा पडला, काम झालं. त्यालाबी काटा पडला, बुडालो. किती झाले? तीन. चांगले किती? दोन. तीनातले दोन."

मी पाठ सरळ केली. "अण्णा, पण ते तीन प्रकार सारख्या वजनाचे नाहीत. पहिल्यालाच छापा येणं ही अर्धी शक्यता झाली. उरलेल्या अर्ध्याचे पुन्हा दोन भाग. अर्धा आणि पाव, पाऊण."

"वजनाचं मला सांगू नका, सूनबाई. वजनातच जन्म गेला."

"पण दोन्ही नाणी एकदम टाकायची आहेत, असं लिहिलंय."

"एकदम टाकली म्हणून एकदम पडत्यात व्हय? एक आधी पडणारच की." मग त्यांनी वही ओढून घेतली आणि चष्मा कपाळावर चढवला. "आणि हे काय? छापा-काटा आणि परत काटा-छापा? एकच माल दोन पोत्यांत भरून दोनदा बिल लावताय तुम्ही."

मी पर्समधून एक दहाचं आणि एक पाचचं नाणं काढलं. "हे बघा. दहावर छापा, पाचवर काटा. आता उलट, दहावर काटा, पाचवर छापा. वेगळं आहे की नाही?"

अण्णांनी दोन्ही नाणी बारकाईने बघितली. "दहा आणि पाच, पंधराच. कसंबी ठेवा."

सई वहीत तोंड खुपसून हसत होती. मी शेवटचा उपाय म्हणून आपल्या परंपरेचा दाखला दिला. म्हटलं, अण्णा, हे मोजण्याचं शास्त्र काही बाहेरून आलेलं नाही. भास्कराचार्यांनी 1150 मध्ये लीलावतीत हेच विचारलंय, शंभूच्या दहा हातांत दहा आयुधं अदलाबदल करून दिली तर किती मूर्ती होतील? उत्तर आहे 3628800.

अण्णा गप्प झाले. मला वाटलं, जिंकले.

"देवाला कशाला एवढी अदलाबदल?" ते म्हणाले. "त्रिशूळ ज्या हातात, त्याच हातात. पुजाऱ्याला विचारा."

इथे नवरा पेपर घडी घालत आला. माझ्या मते या माणसाने पेपरमागून सगळं ऐकलं होतं, पण त्याने "काय चाललंय?" असं विचारलं आणि आम्ही दोघांनी आपापली बाजू परत मांडली. नवरा म्हणाला, "अण्णांच्या म्हणण्यातही पॉइंट आहे." कुठला पॉइंट, विचारल्यावर "आहे असा एक" इतकंच म्हणाला.

मग ठरलं, प्रत्यक्ष टाकून बघू. सई चार उभ्या रेघा आणि पाचवी तिरकी अशा खुणा करणार. अण्णा टाकणार, कारण त्यांचा हात चांगला. पहिल्याच फेरीत त्यांनी एक नाणं टाकलं, छापा आला, आणि दुसरं खिशात ठेवलं. "झालं की काम!" ते दुसरं नाणं त्यांच्याकडून टाकवून घ्यायला मला आवाज चढवावा लागला. नंतर एक नाणं सोफ्याखाली गेलं, तर म्हणे काटा धरा, हरवलेला माल नुकसानीतच धरतात. मध्येच त्यांनी दहाच्या नाण्यावर हरकत घेतली. दुकानात कुणी घेत नाही ते इथं कसं चालवून घेता? पुढे नवराही टाकायला बसला. शंभरेक फेऱ्या झाल्या.

आणि छापा आलेल्या फेऱ्या किती निघाल्या? सत्तरच्या आगेमागे.

अण्णांचं खरं असतं तर 67 च्या जवळ यायला हव्या होत्या, माझं खरं असेल तर 75 च्या. आकडा येऊन बसला तो बरोबर मधोमध. आता शंभर फेऱ्यांत चार-पाच इकडेतिकडे होणारच. 100 गुणिले पाऊण गुणिले पाव, त्याचं वर्गमूळ, चारच्या थोडं वर. याला प्रमाण विचलन म्हणतात आणि त्यासाठी मी कॉलेजात रात्री जागवल्यात. शंभरात निकाल लागत नाही. हजार टाकल्या तर 667 आणि 750 यांत गोंधळ व्हायचं कारणच नाही. मी म्हटलं, चला, हजार टाकू.

अण्णांना गुडघा आठवला. सईला भूक लागली. नवऱ्याने हात झटकले आणि म्हणाला, "हे बघा, सत्तर टक्के धरा आणि विषय संपवा. दोघांचंही बरोबर."

दोघांचंही बरोबर! पाऊण आणि दोन-तृतीयांश यांच्यात तडजोड करायला ही काय तंटामुक्त गाव समिती आहे? दोघा भावांत बांध कुठे घालायचा हे मध्ये बसून ठरवता येतं. नाण्याला नाही सांगता येत, की बाबा रे, ज्येष्ठ माणूस आहे, जरा पाच टक्के सोड. पण आपल्याकडे बाई बरोबर असली की लगेच समोरच्याच्या वयाचा मान मध्ये येतो, आणि बाई चूक असली की गणित म्हणजे गणित.

जाताना अण्णा दारात म्हणाले, "जोखीम पुस्तकात कळत नसती, सूनबाई. ती अंगावर घ्यावी लागती."

हे मात्र मला लागलं, कारण जोखमीचं अण्णांचं ज्ञान मला चांगलं माहीत आहे. 2005 ला पूर आला, हरिपूरच्या पेवांत पाणी शिरलं, हळदीचं मातेरं झालं. तेव्हा सांगलीत जो तो म्हणत होता, असा पूर शंभर वर्षांतून एकदा. आला, गेला, आता आपल्या हयातीत नाही. अण्णा हे सगळ्यांत ठासून सांगायचे, माझ्या सासऱ्यांनाही सांगितलं. तेव्हा आम्ही गावभागात, तळमजल्यावर राहायचो. सासऱ्यांनी नवं फर्निचर केलं. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी 45. फर्निचर तरंगताना मी बघितलं नाही, आम्हाला आधीच बाहेर काढलं होतं, पण परत आल्यावर कपाटाच्या आत, वरच्या कप्प्यात, साड्यांच्या घडीघडीत जो बारीक काळा गाळ होता तो मी चमच्याने काढलाय. आणि 2021 च्या जुलैत नदी परत आली.

शंभर वर्षांतून एकदा, म्हणजे दर वर्षी शंभरात एक. मागच्या वर्षी येऊन गेला म्हणून यंदा सुट्टी, असं कृष्णामाई वहीत लिहून ठेवत नाही. तीस वर्षांचं गृहकर्ज घेतलं तर तेवढ्या काळात एकदा तरी असा पूर बघायची शक्यता शंभरात 26 होते, आणि तीही तो शंभरात एकचा हिशोब अजून खरा असेल तर. दहावीच्या पुस्तकाच्या एक पायरी पुढचं हे गणित. घर विकणाऱ्याने सांगितलं नाही, कर्ज देणाऱ्याने सांगितलं नाही. मी सांगितलं होतं, 2006 मध्ये, सासऱ्यांना. तेव्हाही कुणीतरी "दोघांचंही बरोबर" म्हणालं असणार, आणि ते कोण असेल याचा मला अंदाज आहे.

विश्रामबागेत आम्ही वरचा मजला घेतला. अण्णांनी त्याच इमारतीत परत तळमजला घेतला. "आता येऊन गेला की," म्हणाले.

रात्री झोप येईना म्हणून मी वाचत बसले. पास्कल आणि फर्मा या दोघांनी 1654 मध्ये एकमेकांना पत्रं लिहून हा विषय उभा केला. त्याला बरोबर शंभर वर्षं झाली तेव्हा, 1754 साली, दालाँबेर नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने विश्वकोशातल्या छापा-काट्याच्या नोंदीत काय लिहावं? पहिल्याला छापा आला तर खेळ तिथेच संपला, म्हणून प्रकार तीनच, म्हणून 2/3. शब्दाशब्दाला अण्णा! हा काही ऐरागैरा नव्हे, तरंगाचं समीकरण मांडणारा माणूस. मी पुस्तक मिटलं. नवरा झोपेत "काय झालं?" म्हणाला. मी म्हटलं, काही नाही. ही माहिती खालच्या मजल्यावर पोचता कामा नये.

सईने गृहपाठात 3/4 लिहिलं. खाली पेन्सिलने बारीक अक्षरात: अण्णाआजोबांच्या मते 2/3, बाबांच्या मते 70 टक्के. बाईंनी नुसती बरोबरची खूण केली आहे. ती कशाकशाला आहे हे कळायला मार्ग नाही.

येत्या रविवारी सहावं प्रकरण. मध्य, मध्यक, बहुलक. अण्णांनी गेटवरूनच सांगून ठेवलंय, "सरासरीनं बुडालेली माणसं मी दाखवतो की! किती वाजता बसताय?" मी त्यांना नऊ सांगितलं आणि सईला सात. नवऱ्याने परस्पर दोघांनाही आठ कळवलंय.