दादा, दार बघ

रविवारी पुण्यात संध्याकाळचा चहा झाला की दादाचा फोन येतो. इथे इंग्लंडात, चेस्टरला, तेव्हा दुपारचा एक वाजलेला असतो आणि रोस्ट ओव्हनमध्ये असतो. गेल्या रविवारी त्याने हॅलोसुद्धा म्हटलं नाही. थेट म्हणाला, "तत्त्वमसि! अगं, छांदोग्य उपनिषदात सांगून ठेवलंय सगळं. विषय संपला."

विषय होता 'द प्रिझनर'. ही मालिका बघ म्हणून मी दोन वर्षं त्याच्या मागे लागले होते. शेवटी या पावसाळ्यात दादा आणि त्याचे चार मित्र दर शनिवारी आमच्या पुण्याच्या घरी जमले आणि सतराच्या सतरा भाग बघून झाले. मला केवढा आनंद झाला होता! आणि सगळं बघून झाल्यावर त्यांनी काय केलं, तर वीस मिनिटांत निकाल लावून टाकला.

ज्यांनी बघितली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. १९६७ सालची ब्रिटिश मालिका. एक गुप्तहेर रागाने राजीनामा देऊन घरी येतो, सामान भरायला लागतो, तेवढ्यात दाराच्या कुलपाच्या भोकातून खोलीत गॅस सोडतात. जाग येते तेव्हा खोली तीच असते, पण खिडकीबाहेर लंडन नसतं. रंगीत घुमट, कारंजी, बँड, छत्र्या घेऊन फिरणारी हसतमुख माणसं, असं एक गाव असतं. तिथे कुणालाच नाव नाही, प्रत्येकाला नंबर आहे. हा नंबर सहा. राजीनामा का दिलास, एवढंच त्यांना त्याच्याकडून हवं असतं. चौकशी करणारा नंबर दोन जवळजवळ प्रत्येक भागात बदलतो आणि नंबर एक कोण, ते कळतच नाही. शेवटच्या भागात तो नंबर एकच्या तोंडावरचा मुखवटा ओढतो. आत माकडाचा मुखवटा. तोही ओढतो, तर आत त्याचाच चेहरा, वेड्यासारखा हसणारा.

दादाचं म्हणणं या चेहऱ्यावरून. तूच तो. ब्रह्म आणि जीव एक. त्याच्या एका मित्राने आणखी पुरावा काढला. बहुतेक भागांच्या सुरुवातीला कैदी विचारतो, नंबर एक कोण? आणि उत्तर येतं, तुम्ही आहात नंबर सहा. स्वल्पविराम 'आहात'नंतर टाकला की अर्थ उलटतो, नंबर एक तुम्हीच. मराठीतसुद्धा हे जसंच्या तसं साधतं, याचा त्या सगळ्यांना फार अभिमान वाटला. मलाही वाटला, खोटं कशाला बोलू. पण इथल्या चाहत्यांनी तो स्वल्पविराम कितीतरी आधी ओळखलाय, आणि तरी ते थांबलेले नाहीत.

आमच्या शेजारचे आजोबा १९६८च्या फेब्रुवारीत तरुण होते. तेव्हा त्यांच्याकडे काय, कुणाकडेच ही मालिका दाखवणारं चॅनेल रंगीत दिसत नव्हतं. मालिका चित्रित झाली रंगीत, लोकांनी पाहिली काळी-पांढरी. शेवटचा भाग संपला तेव्हा ते इतके चिडले होते म्हणे, की वडिलांशी भांडून घराबाहेर पडले. आज ऐंशीच्या पुढे आहेत, आणि कचऱ्याचा डबा बाहेर काढताना भेटले की अजून मला विचारतात, तो सुटला असं वाटतं का गं तुला? १९७७पासून चाहत्यांची संस्था आहे. भागांचा खरा क्रम कुठला, यावर ही माणसं अजून वाद घालतात. आठवा म्हणून दाखवलेल्या भागात तो 'मी इथे नवीन आहे' म्हणतो, मग तो आठवा कसा? पॅट्रिक मॅकगूअन स्वतःच नायक, कार्यकारी निर्माता, शेवटच्या भागाचा लेखक आणि दिग्दर्शक. त्याच्या आधीच्या मालिकेतला हेर म्हणजेच हा नंबर सहा, असं पटकथा-संपादक जॉर्ज मार्कस्टाइन म्हणायचा आणि मॅकगूअन ते साफ नाकारायचा. करणाऱ्यांचंच एकमत नाही, आणि आमच्या दिवाणखान्यात विषय संपला!

हे मी दादाला बोलून दाखवलं, तर तो म्हणाला, "तू आता त्यांची वकिली करणार. तिकडे राहतेस ना." हे मला लागलं, कारण मी त्यांची वकिली करत नव्हते. आपल्याकडे आधीच होतं, असं म्हणून समोरची गोष्ट बघायचीच नाही, ही आपली जुनी खोड आहे. पुण्यात असताना मलाही होती. इथे एकोणीस वर्षं राहून ती गेली, हे मी मान वर करून सांगते. उपनिषदाबद्दल माझी तक्रार नाही, माझ्या आजोबांनी मला ते मांडीवर बसवून ऐकवलंय. पण ही मालिका आत्म्याची नाही. ती एका जागेची आहे.

ती जागा आमच्यापासून दीड-दोन तासांवर आहे. पोर्टमेरियन, मालिकेतलं गाव जिथे चित्रित झालं ते. बाला तलावाच्या बाजूने गेलं, रस्त्यावर ठिकठिकाणी लिहिलेलं 'आराफ', म्हणजे वेल्श भाषेत 'हळू', मानलं, की उतारावर ते गाव लागतं. हाफ-टर्मला, म्हणजे शाळेच्या मधल्या सुट्टीत, मुलांना घेऊन पहिल्यांदा गेले तेव्हा मी मालिका पाहिलेली नव्हती. क्लफ विल्यम्स-एलिस नावाच्या वास्तुरचनाकाराने १९२५पासून पन्नास वर्षं ते बांधलं. वेल्सच्या खाडीकाठी इटलीसारखं गाव. दुसरीकडे पाडल्या जाणाऱ्या इमारतींचे तुकडे आणून त्याने तिथे उभे केले. ब्रिस्टलची एक अख्खी दगडी कमान-ओळ सुटी करून आणली आणि १९५९मध्ये पुन्हा रचली. मी तिच्याखाली उभी राहिले, दगडाला हात लावला. दगड ऊन होता. मला वाटलं, याला कुणी विचारलं असेल का, की तू कुठला? धक्क्याला एक जहाज आहे, तेही दगडी. शिडं नाहीत, हलत नाही, बांधकामाचाच भाग. मुलं त्यावर चढून तासभर खेळली. समोर ओहोटीची वाळू क्षितिजापर्यंत.

मग घरी येऊन मालिका बघितली, आणि पहिल्याच भागात मला हुंदका आला. तो दुकानात नकाशा मागतो, तर फक्त त्या गावाचाच नकाशा मिळतो. टॅक्सी बोलावतो, तर ती गावातच फिरते. फोन उचलतो, तर बाई विचारते, तुमचा नंबर काय? नंबर नाही म्हटल्यावर फोनही नाही. दादाला ही दृश्यं 'सुरुवातीचं पाल्हाळ' वाटली. मी इथे आले तेव्हा पहिले सात आठवडे माझा एनआय नंबर, म्हणजे इथे नोकरीसाठी लागणारा सरकारी नंबर, यायचा होता. तो नाही म्हणून पगार अडला, पगाराची स्लिप नाही म्हणून बँकेत खातं उघडेना, आणि खातं नाही म्हणून घर मिळेना. सगळी माणसं हसून बोलायची. कुणी एक वाकडा शब्द काढला नाही. त्या हसण्यापुढे रडताही येत नाही, हे मी कुणाला सांगितलं नाही, आईलासुद्धा नाही.

पण मला खरं सांगायचंय ते परत जाण्याबद्दल. सातव्या भागात तो उठतो आणि गाव रिकामं असतं. एक माणूस नाही. तो तराफा बांधतो, पंचवीस दिवस समुद्रात काढतो, लंडनला स्वतःच्या घरी पोचतो. दार एक मोलकरीण उघडते. आत दुसरीच बाई राहते आणि त्याची गाडीही तीच चालवते. बाई चांगली आहे, त्याला खाऊ घालते, कपडे देते. तो स्वतःच्या घरात पाहुणा म्हणून खुर्चीच्या कडेवर बसतो.

आमचा वाडा गेला. तिथे आता सात मजले आहेत. हा निर्णय दादाने घेतला, बरोबरच घेतला, मी सही केली. गेल्या डिसेंबरमध्ये टॅक्सीतून उतरले, तर जिथे आमचा प्राजक्त होता तिथे गेट आणि केबिन. वॉचमनने आदराने विचारलं, "कुणाकडे ताई? फ्लॅट नंबर?" मला नंबर आठवेना. दादाचं नाव सांगितलं, तर म्हणाला, नंबर लागतो ताई, त्याशिवाय एंट्री होत नाही. ज्या जागेवर मी पाटीवर पहिलं अक्षर काढलं, तिथे बॅग धरून उभी राहिले. त्याने मोबाइलमध्ये माझा फोटो घेतला. वर दादाने बटण दाबलं असणार. समोरचा आडवा दांडा कुणी हात न लावता वर गेला.

म्हणून म्हणते, दादा, तुम्ही सगळे मुखवट्यावर अडकलात. तो चेहरा पडद्यावर काही सेकंद आहे. त्यानंतर तो आणि आणखी तिघे ट्रकवरच्या पिंजऱ्यातून पळतात, आणि थोड्याच वेळात लंडनला जाणाऱ्या ए-२० रस्त्यावर असतात. म्हणजे ते गाव लांब नव्हतंच. नंबर दोन होता तो माणूस उतरून सरळ पार्लमेंटमध्ये शिरतो. त्या तिघांचं काम करणाऱ्या नटांची नावं पडद्यावर येतात. मॅकगूअनचं नाव येत नाही. त्याच्या जागी येतं 'प्रिझनर'. तो गावातल्या बुटक्या बटलरला घेऊन घरी पोचतो, स्वतःच्या लंडनच्या घरी. दारावर आकडा आहे, एक. तो गाडीत बसतो, बटलर पायऱ्या चढतो आणि ते दार आपोआप उघडतं. गावातली दारं जसा आवाज करून उघडायची, तोच आवाज.

तू म्हणालास, हा भाग घाईत उरकलाय. मी तो किती वेळा पाहिला, मोजलं नाही. दिवाळीला येतेय. शनिवारी तुझ्या मित्रांनाही बोलव, मी चकल्या करीन. मुखवट्याच्या पुढची शेवटची दहा मिनिटं आपण सगळे मिळून पुन्हा बघू, आवाज मोठा करून. आणि फ्लॅटचा नंबर मला लिहून पाठव.