सातला म्हणजे सातला!

कायाकने, म्हणजे वल्ह्याच्या छोट्या होडीने, बटरफ्लाय बीचला जायचं, त्यासाठी गोव्यात पाळोळेच्या किनाऱ्यावर सकाळी सातला जमायचं, हे मी ग्रुपवर लिहिलं, पुन्हा लिहिलं, ठळक अक्षरांत लिहिलं. सगळ्यांचे अंगठे आले. या अंगठ्यांचा अर्थ नेमका काय धरायचा हो? वाचलं? पटलं? की 'कळलं, आता गप्प बस'? कारण सातला किनाऱ्यावर होतो मी, कायाकवाला पोरगा आणि वाळूत पसरलेली कुत्री. बाकीची वरात उगवली साडेदहाला.

कारणं तर एकेक ऐकून घ्यावीत. फोंड्याची मंडळी मडगावात पातळ भाजी-पाव खायला थांबली, का तर 'उपाशीपोटी वल्हवणार कसं'. खा ना बाबांनो, पण वर मिर्ची, मग बन, मग परत चहा? पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना करमल घाटात रील काढायची होती. तोच घाट मी अंधारात उतरून आलो होतो, ते कुणाच्या खिजगणतीत नाही.

सातला बोलावतो ते मला पहाटे उठायची हौस आहे म्हणून नव्हे! खारे वारे आणि मतलई वारे शाळेत पाठ केले होते ना? परीक्षेत लिहिलंत आणि विसरलात. पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे, तोही मंद. ऊन चढून जमीन तापली की तो उलटा फिरतो आणि दुपारपर्यंत चांगलाच जोर धरतो. पाळोळेच्या दोन्ही टोकांना खडक आहेत म्हणून आतलं पाणी शांत. बटरफ्लाय बीच मात्र उत्तरेच्या टोकापलीकडे, आगोंदच्या वाटेवर. टोक ओलांडलं की आडोसा संपला आणि वायव्येचा वारा थेट तोंडावर.

त्यात ओहोटी. उत्तर टोकाला काणकोणचं बेट आहे. भरतीला बेट आणि किनारा यांच्यामधल्या चिंचोळ्या पाण्यातून कायाक आरामात निघते, पूर्ण ओहोटीला तिथून माणसं चालत जातात. त्या दिवशी भरती आठच्या सुमारास होती. वेळ ग्रुपवर टाकली होती (तिलाही अंगठे!). जॅकेट घालून, फोटो काढून आम्ही तिथे पोचेपर्यंत अकरा वाजून गेले, पाणी उतरलेलं, कायाकचा तळ खरखर घासायला लागला. मग उतरा आणि ओढा, तेही कालवं चिकटलेल्या खडकांवरून. 'पाण्यात चप्पल कशाला' म्हणून ज्यांनी चपला गाडीत ठेवल्या, त्यांचे तळवे सोलून निघाले. बोलणी कुणाला? मला. 'रस्ता नीट बघून आणायचा ना!'

माझ्या कायाकमध्ये पुढे पुण्याचा पाहुणा. लाइफ जॅकेटची बकलं उघडी, कारण लावली की फोटोत पोट दिसतं. वल्हं मांडीवर आडवं, हातात फोन. मागून दोघांचं वजन मी एकटा ओढतोय. टोकापाशी लाटा बाजूने यायला लागल्या. कायाक लाटेला आडवी पडली की कलंडायला वेळ लागत नाही, म्हणून मी जीव खाऊन ओरडतोय, "उजवीकडून मार, उजवीकडून!" आणि हा मान न वळवता म्हणतो, "एक मिनिट हं, व्हिडिओ चालू आहे." एक मिनिट! समुद्राला सांग की बाबा, थांब जरा, याचं रेकॉर्डिंग व्हायचंय.

तेवढ्यात कायाकवाल्याने मागून हाळी दिली, "वारें सुटलां! बेगीन परत येयात!" झालं. बटरफ्लाय बीच राहिला तिकडेच, आम्ही वळलो. तो पोरगा रोज त्याच पाण्यात असतो, त्याचं ऐकायचंच. पण आमच्यातल्या एका महाभागाचं मत असं की 'हे लोक मुद्दाम घाबरवतात'. पोहता येत नाही, वल्हं उलटं धरलंय, पण मत आहे!

आणि कडी म्हणजे किनाऱ्याला लागल्यावर यांची घासाघीस सुरू: "अर्धीच ट्रिप झाली, पैसे अर्धे घ्या ना." त्या पोराने सातपासून कायाक अडवून ठेवल्या होत्या, आलेली गिऱ्हाइकं परत पाठवली होती. मी त्याला ठरलेले पैसे पूर्ण मोजून दिले. तुमचे वाटे अजून आलेले नाहीत. नंबर ग्रुपवर आहे. अंगठा नको, पैसे पाठवा.