परत तेच अ‍ॅरेऑफऑर्डर
डॉट नेटमध्ये (मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रॅमिंग प्लॅटफॉर्मवर) ऑर्डरची साधी लिस्ट एक्सएमएलसिरियलायझरने सिरियलाइझ केली, म्हणजे एक्सएमएल मजकुरात बदलली, की रूट म्हणजे सगळ्यात बाहेरचा टॅग म्हणून अ‍ॅरेऑफऑर्डर येऊन बसतं, आणि समोरच्याला हवं असतं नुसतं ऑर्डर्स. बरं, ऑर्डरच्या क्लासवर एक्सएमएलरूट (रूटचं नाव ठरवणारी खूण) लावा, तर ऑर्डर लिस्टमध्ये गेल्यावर त्याला विचारतंय कोण! मग लिस्टवरून स्वतःचा क्लास काढा, त्यात तारखेची प्रॉपर्टी टाका, तर ती गुपचूप गायब, कारण कलेक्शन दिसलं की हा सिरियलायझर फक्त आतले आयटम लिहितो, एरर सोडाच, साधी वॉर्निंगपण नाही. सिरियलायझर बनवतानाच त्याच्या कन्स्ट्रक्टरमधून रूटचं नाव दिलं तर जमतं, पण तो सिरियलायझर आपणच कॅश नाही केला, म्हणजे पुन्हा वापरायला जपून नाही ठेवला, तर दर वेळी नवी असेंब्ली (मेमरीत लोड होणारा कोडचा गठ्ठा) बनते नि मेमरी फुगत जाते. म्हणजे शेवटी लिहा लिस्टला गुंडाळणारा रॅपर क्लास, आत लिस्ट, तिच्यावर एक्सएमएलएलिमेंट. एका नावासाठी अख्खा क्लास, काय चाललंय काय!