डेक्सा ठीक आली, तरी मणक्याचा एक्स-रे कशाला? एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, नमस्कार.

प्रतिक्रिया रागात लिहिली आहे, पण तो राग आईच्या काळजीतून आलाय हे दिसतंय, म्हणून सविस्तर लिहितो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: आईंचं वय 62, संधिवातासाठी आठ महिने प्रेडनिसोलोन (स्टेरॉइडची गोळी) रोज 10 मिलिग्रॅम चालू. चोपड्याहून जळगावला नेऊन डेक्सा (हाडांची घनता मोजणारी तपासणी) केली, टी-स्कोअर (तरुण, निरोगी हाडाच्या तुलनेत घनता किती, ते सांगणारा आकडा) उणे 1.6 आला, ‘ऑस्टिओपोरोसिस नाही’, म्हणजे हाडं ठिसूळ झालेली नाहीत, असं सांगितलं गेलं. तरी मी कोर्टिसॉल (शरीरात बनणारं स्टेरॉइड संप्रेरक) आणि हाडांवरच्या लेखात मणक्यांचा एक्स-रे काढायला सांगतो, म्हणजे उगाच घाबरवतो आणि खर्चात पाडतो. आणि हे वाचून लोक स्टेरॉइड सोडून देतील.

आधी त्या उणे 1.6 बद्दल. ऑस्टिओपोरोसिस ठरवायला उणे 2.5 ची जी रेषा सगळे रिपोर्ट वापरतात, ती जागतिक आरोग्य संघटनेच्या गटाने 1994 मध्ये आखली, आणि ती आखताना समोर होत्या पाळी गेलेल्या बायका. कोर्टिसॉल जास्त असलेल्या माणसाचं हाड त्या रेषेच्या बरंच वर असतानाही मोडतं. मणक्याच्या आतलं हाड वाळलेल्या गिलक्याच्या जाळीसारखं असतं. कोर्टिसॉल, मग ते शरीरात वाढलेलं असो की गोळीतून आलेलं, हाड बांधणाऱ्या पेशींचं काम थांबवतं आणि हाडाच्या आतल्या पेशी मारतं. आतड्यातून कॅल्शियम कमी शोषलं जातं, लघवीतून जास्त जातं. मांड्यांचे स्नायू अशक्त होतात, त्यामुळे माणूस पडतोही लवकर. डेक्सा मोजते ती फक्त घनता. जाळीचे धागे किती तुटले, हे त्या आकड्यात येत नाही.

वेळही लक्षात घ्या. हाड मोडण्याचा हा धोका गोळी सुरू केल्यावर पहिल्या तीन ते सहा महिन्यांतच वाढतो, घनता पुरती उतरण्याआधी. ब्रिटनमधल्या रुग्णांच्या मोठ्या नोंदींत रोज 7.5 मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त घेणाऱ्यांमध्ये मणक्याच्या फ्रॅक्चरचा धोका सुमारे पाचपट निघाला होता. आईंचा डोस त्याच्या वर आहे. फ्रॅक्स नावाचं गणित हाड मोडण्याचा धोका काढून देतं, पण ते स्टेरॉइडबद्दल फक्त ‘हो की नाही’ एवढंच विचारतं. 7.5 च्या वरच्या डोसला मुख्य फ्रॅक्चरचा आलेला आकडा साधारण 15 टक्क्यांनी आणि खुब्याचा 20 टक्क्यांनी वाढवून धरावा लागतो. हे केलंय का, एवढं डॉक्टरांना जरूर विचारा.

आता एक्स-रे. मणका दबला की प्रत्येक वेळी माणूस कळवळत नाही. बरीचशी अशी फ्रॅक्चर्स गुपचूप होतात. आपल्याकडची बाई ‘कंबर दुखस’ म्हणते, बाम चोळते आणि कापूस वेचायला जाते. आणि खरी मेख पुढे आहे: दबलेला मणका डेक्सावर उलट जास्त घट्ट दिसतो, कारण तेवढंच खनिज कमी जागेत मावलेलं असतं. साठीनंतर मणक्यांना फुटलेले काटेही आकडा वर चढवतात. म्हणजे चांगला आकडा कधीकधी मोडलेल्या हाडामुळेच आलेला असतो. पाठ आणि कंबर दोन्हींचा बाजूने घेतलेला साधा एक्स-रे हे दाखवतो. एक मणका जरी दबलेला निघाला, तरी टी-स्कोअर काहीही असो, उपचाराचा निर्णय बदलतो.

‘तालुक्याला डेक्सा आहे कुठे?’ हा तुमचा प्रश्न मात्र अगदी रास्त आहे. यावल-रावेरकडच्या किंवा अक्कलकुव्याच्या माणसाला तपासणीसाठी दिवस मोडावा लागतो, मजुरी बुडते. म्हणूनच मी एक्स-रेवर भर देतो. तो जवळ होतो. आणि उंची भिंतीला उभं करून घरीच मोजा. तरुणपणच्या उंचीपेक्षा 4 सेंटीमीटर किंवा जास्त कमी झाली असेल, तर मणके बघायलाच हवेत.

स्टेरॉइड सोडण्याबद्दल तुमची भीती खरी आहे, म्हणून ठळक सांगतो: आठ महिने चाललेली गोळी एकदम बंद करायची नाही. शरीराची स्वतःची कोर्टिसॉल बनवण्याची क्रिया झोपलेली असते. अचानक तोडल्यास रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकतं. संधिवाताला ती गोळी लागत असेल तर लागतेच. डोस कमी कसा आणायचा, हे डॉक्टरच ठरवतील.

आईंना कॅल्शियमची गोळी चालू आहे, हे चांगलं. ड जीवनसत्त्वही तपासा. जळगावच्या उन्हात राहूनही, सदा सावलीत किंवा अंग झाकून असणाऱ्यांमध्ये ते कमी निघतं. पण धोका जास्त असेल तर या दोन गोळ्या पुरत नाहीत. हाडाची झीज रोखणारी औषधं लागतात, आणि त्याआधी मूत्रपिंड व दात बघून घेतात.

शेवटची गोष्ट तुमच्या प्रतिक्रियेतल्या एका ओळीवरून. ‘मध्ये बाजारातली सांधेदुखीची पुडीही घेतली, तिने लगेच आराम पडला’ असं तुम्ही लिहिलंय. अशा बिननावाच्या पुड्यांत डेक्सामेथासोन (हेही एक जोरदार स्टेरॉइडच, डेक्सा तपासणीशी संबंध नाही) मिसळलेलं सापडतं. तसं असेल तर आईंच्या हाडांवर पडलेला भार 10 मिलिग्रॅमपेक्षा जास्त आहे. पुडी उरली असेल तर फेकू नका, डॉक्टरांना दाखवा, आणि किती दिवस घेतली हेही सांगा.