आठ जणांचा तंबू, पाच जण ओले: तुमच्या तक्रारीला दुकानाचं उत्तर

नमस्कार ताई,

दुकान माझं आहे, म्हणून उत्तर मीच लिहितोय. तुम्ही दोन स्टार दिलेत आणि लिहिलंत की तंबू आठ जणांचा म्हणून घेतला पण सहा जणही धड मावले नाहीत, सासूबाईंना गाडीत झोपावं लागलं. पहाटे छतातून पाणी ठिबकून पांघरुणं भिजली. खुंट्या वाकल्या. तंबू परत पिशवीत जाईना. आणि दुकानात फोन केला तर पोरगा म्हणाला, ‘तुम्हाला लावताच आला नसेल.’

शेवटचं आधी मिटवतो. तो पोरगा माझा पुतण्या. गिऱ्हाईकाशी असं बोलायचं नसतं, हे त्याला मी सांगितलंय आणि तुमची माफी मी मागतो. त्याने स्वतः हा तंबू तोवर एकदाही उभा केलेला नव्हता, हे मला नंतर कळलं. म्हणजे चूक त्याची कमी आणि माझी जास्त.

परवा तुमच्या यजमानांनी तंबू युरियाच्या गोणीत भरून दुकानात आणून टाकला. (पिशवीचं दुखणं काय होतं ते गोणी बघूनच कळलं.) दुसऱ्या दिवशी सकाळी तो आमच्या गच्चीवर उभा केला, म्हणून आता जे लिहितोय ते बघून लिहितोय, खोक्यावरचं वाचून नाही.

आठ जणांचं बोलू. यात तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. तंबूच्या धंद्यात ‘आठ जण’ याचा अर्थ असा की एका माणसाला साधारण ६० सेंटिमीटर रुंदी. या तंबूत दोन खोल्या, प्रत्येक २४० सेंटिमीटर रुंद आणि २१० लांब. २४० भागिले ६० म्हणजे चार, दोन खोल्यांचे आठ. हिशेब झाला. पण ६० सेंटिमीटर म्हणजे दोन फूट. आपल्याकडची एकट्याची गादी तीन फुटांची असते ओ! दोन फुटांत माणूस झोपतो तो कूस न बदलता, बॅगा बाहेर ठेवून, आणि शेजारच्याशी भांडण नसेल तर. तुम्ही घरून कापसाच्या गाद्या नेल्यात. पाच फुटी जोडगादी आणि तीन फुटी एकेरी गादी अशा दोनच गाद्यांत एक खोली भरली, म्हणजे माणसं तीन. दोन्ही खोल्या धरून सहा, आणि तेही सामानाशिवाय. त्यात भिंती वरच्या बाजूला आत झुकलेल्या, त्यामुळे जाड गादीवर झोपलं की कपडा थेट डोक्याला आणि पायाला लागतो. तुमचे दीर सहा फुटांचे आहेत असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे १८३ सेंटिमीटर. २१० मधून भिंतींचा उतार वजा केला की त्यांचे पाय कपड्याला टेकणारच. त्यांचे मोजे का भिजले त्याचं उत्तर तिथेच आहे.

हे सगळं मला दुकानात सांगता आलं असतं. ‘किती जण, गाद्या नेणार का, म्हातारं माणूस आहे का’ एवढं विचारलं असतं तरी पुरलं असतं. मी खोक्यावरचा आकडा वाचून दाखवला. आमचं घराणं आजोबांपासून ताडपत्री विकतंय, आणि ताडपत्रीत हा घोळ नसतो: बारा बाय अठरा म्हणजे बारा बाय अठरा. तंबूच्या बाबतीत आकड्याचा अर्थ सांगणं हे दुकानदाराचं काम, ते माझ्याकडून राहिलं. कालपासून त्या खोक्यावर मी हाताने चिठ्ठी चिकटवलीय: ‘गाद्या नेणार असाल तर पाच माणसं.’

आता पाणी. इथे मात्र मी तुमचं ऐकणार नाही, रागावू नका.

तुम्ही गेलात जानेवारीत, हुरड्याला, करमाळ्याकडे उजनीच्या बॅकवॉटरच्या काठावरच्या शेतात. त्या रात्री आभाळ निरभ्र होतं, हे तुम्हीच लिहिलंय, चांदण्यांचं कौतुकही केलंय. मग पाणी आलं कुठून? आतून आलं, ताई. माणूस रात्रभर श्वासातून आणि कातडीतून पाव लिटरच्या आसपास पाणी हवेत सोडतो. तुम्ही पाच जण आत होतात, म्हणजे सव्वा लिटर. बाहेर काठाची ओलसर हवा. निरभ्र रात्री तंबूचा कपडा आभाळाकडे तोंड करून गार पडतो, भोवतालच्या हवेपेक्षाही गार. आतली कोंदट वाफ त्याला लागते आणि थेंब धरते. कुणी झोपेत भिंतीला धक्का दिला की ते थेंब खाली. सासूबाईंना विचारा, सकाळी गाडीच्या काचा आतून धुरकटलेल्या होत्या की नाही. गाडी काही गळत नाही.

तरीही तुम्ही म्हणाल हा दुकानदार आपलंच घोडं पुढे दामटतोय. म्हणून काल रात्री मी, माझे दोघे मुलगे आणि पुतण्या असे चौघं त्याच तंबूत गच्चीवर झोपलो. मधला पडदा सोडला. एका खोलीच्या खिडक्या गच्च बंद, दुसरीच्या वरच्या जाळ्या उघड्या आणि दाराची चेन वीतभर खाली. सकाळी बंद खोलीच्या छतावर टॉवेल फिरवला तर टॉवेल ओला झाला, उघड्या खोलीत नुसता दमट लागला. सोलापूरच्या कोरड्या हवेत ही गत, तर उजनीच्या काठावर काय होणार? थंडी वाजते म्हणून माणूस खिडक्या लावतो, आणि लावल्या की भिजतो. उघड्या ठेवून अंगावर एक पांघरूण जास्त घ्यायचं.

अंगाखाली मात्र कापूस नको. सोलापुरात बसून चादरीला नावं ठेवली तर गल्लीतले लोक मला वाळीत टाकतील, पण सुती चादर आणि कापसाची गादी जमिनीकडची ओल शोषून घेते आणि मग रात्रभर सोडत नाही. खाली फोमची चटई, वर चादर. अशी चादरीची शोभाही राहते.

एका गोष्टीत तुम्ही न बघताच बरोबर निघालात. पावसाची परीक्षा म्हणून आम्ही नळाचा पाइप लावून पाऊण तास पाणी मारलं. आत टॉर्च घेऊन बसवलं पुतण्याला, तेवढी शिक्षा त्याला मिळायलाच हवी होती. या कपड्याचा आकडा ३००० मिलिमीटर आहे, म्हणजे तीन मीटर उंच पाण्याचा स्तंभ उभा केला तरी कपडा पाणी झिरपू देत नाही. कपडा टिकला. पण मागच्या खिडकीच्या डाव्या कोपऱ्यात शिवणीवरची टेप उचलली गेली होती आणि तिथून थेंब थेंब येत होतं. तंबू गळतो तो बहुतेक वेळा असाच, शिवणीतून. जानेवारीत तुम्ही भिजलात ते यामुळे नाही, पण जूनमध्ये नक्की भिजला असतात. हा दोष मालाचा, आणि त्याची जबाबदारी माझी.

खुंट्यांबद्दल काय बोलू. खोक्यात येणाऱ्या बारीक तारेच्या खुंट्या हिरवळीवर चालतात. आपल्याकडे वर काळी माती, जानेवारीत वाळून दगड झालेली आणि भेगाळलेली, आणि खाली हातभरावर मुरूम. तारेची खुंटी त्यात वाकणारच. पावसाळ्यात उलटं होतं, तीच माती लोण्यासारखी मऊ होते आणि खुंटी वाऱ्याबरोबर वर येते. मी स्वतः आठ मिलिमीटरच्या सळईचे फूटभर तुकडे वापरतो, वरचं टोक वाकवून घेतलेले. गल्लीतला वेल्डर करून देतो. ठोकताना डोकं तंबूच्या उलट दिशेला कललेलं हवं, सरळ उभी ठोकायची नाही. दुकानात डझनभर करून ठेवल्यात, तुमच्यासाठी काढून ठेवतो, पैसे नकोत.

पिशवीचं गणित सोपं आहे, पण कुणीतरी एकदा दाखवावं लागतं. दाराच्या चेन थोड्या उघड्या ठेवायच्या म्हणजे आतली हवा निघते, पिशवीच्या रुंदीएवढी घडी घालायची, दांड्या मध्ये ठेवून दाराच्या दिशेने गुंडाळत जायचं. आणि ओला असताना कधीच बांधून ठेवायचा नाही. ओला ठेवला की बुरशी येते आणि आतला लेप चिकट होऊन सुटायला लागतो, मग तो तंबू फेकायचाच. तुमचा गोणीतून निघाला तेव्हा दमट होता, आता वाळवलाय. उन्हात वाळवला तरी तिथेच विसरायचा नाही. आपल्याकडचं मे महिन्यातलं ऊन एप्रिलपासून सुरू होतं, आणि पॉलिएस्टर त्यात महिनोन्‌महिने राहिला की हाताने फाटतो.

हे सगळं एका बाजूला. तुमच्या तक्रारीतलं एक वाक्य वाचून मात्र माझा हात थांबला. तुम्ही सहज लिहिलंय की थंडी फार होती म्हणून पुढच्या भागात कोळशाची शेगडी पेटती ठेवून सगळ्या चेन लावून झोपलो. ताई, असं पुन्हा कधीही करू नका. कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू सोडतो. त्याला वास नाही, रंग नाही, खोकलाही येत नाही. डोकं जड होतं, झोप येते आणि झोपलेला माणूस उठत नाही. निखारा विझत आला तरी तो वायू निघत राहतो. सकाळी तुम्ही ‘डोकं दुखत होतं, गारठ्यानं असेल’ असं लिहिलंय, ते गारठ्यानं नसावं. चेन थोडी उघडी ठेवून शेगडी आत आणली तरी चालेल असंही नाही. शेगडी बाहेर, आणि झोपायच्या आधी पाणी टाकून विझवलेली. हे मी दुकानात सांगितलं नाही, याचं मला पाण्यापेक्षा जास्त वाईट वाटलं. स्टार किती दिलेत त्याचं काही नाही.

आता तोडगा. तीन पर्याय आहेत, कुठलाही घ्या. एक, पूर्ण पैसे परत. दोन, याच जातीचा नवा नग, शिवणी तुमच्यासमोर पाणी मारून तपासलेला. तीन, तुम्हाला सहा जणांनी गाद्यांसकट जायचं असेल तर मोठ्या आकाराच्या मागे लागू नका, त्याऐवजी चार जणांचे दोन तंबू घ्या. प्रत्येकात तीन-तीन माणसं आरामात झोपतात, वारा कमी धरतात, उभे करायलाही सोपे. एकात सासूबाईंची सोय होईल, त्याचं दार जरा उंच आहे, गुडघे मोडून आत शिरावं लागत नाही. किमतीतला फरक मी निम्मा सोसतो.

येताना फोन करू नका, सरळ या. रोज दुपारी चारनंतर मी दुकानात असतो, पुतण्याही असतो. तंबू उभा करून दाखवायचं काम आता त्याचंच आहे, आणि काल त्याने अठरा मिनिटांत केला.