कॅमेरे लावा, पण आधी आपल्या बीटचा हवालदार कोण ते माहीत करून घ्या

आमच्या कल्याणात घरफोडी झाली, चेन खेचली, पार्किंगमधून गाडी गेली की ग्रुपवर दोनच उपाय निघतात. अजून कॅमेरे लावा, नाहीतर पोरांनी काठ्या घेऊन रात्री गस्त घाला. माझा दोन्हीला विरोध नाही, पण ह्यात पोलीस कुठे आहेत आणि आपल्या बीटचा, म्हणजे ठाण्याने वाटून दिलेल्या आपल्या भागाचा हवालदार कोण, हे विचारलं की सगळे गप्प. वॉचमनचं नाव माहिती, केबलवाल्याचा नंबर सेव्ह, आणि ज्या माणसाकडे आपला एरिया आहे त्याचा चेहरासुद्धा माहिती नाही. त्यालाही आपण माहिती नाही. मग पहिली ओळख होते ती थेट चोरी झाल्यावर, पंचनाम्याला.

ही ओळख शांततेच्या काळातच करावी लागते असं माझं ठाम मत आहे आणि त्याचं उदाहरण आपल्या शेजारी आहे, भिवंडी. तिथे 1970 ला दंगल झाली, 1984 ला परत झाली, दोन्ही वेळा कितीतरी माणसं गेली. 1988 ला सुरेश खोपडे तिथे डीसीपी म्हणून आले आणि त्यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. त्यात पुढारी आणि लेटरहेडवाले नकोत, गल्लीतली साधी माणसं हवीत, हिंदूही आणि मुसलमानही, आणि सोबत त्या भागाची जबाबदारी असलेला पोलीस. नियमित बसायचं, बोलायचं, छोटी भांडणं तिथेच मिटवायची. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये मुंबई जळत होती तेव्हा हीच भिवंडी शांत राहिली, जिच्याबद्दल सगळ्यांनी आधीच धास्ती घेतली होती. पुढे 1994 मध्ये मुंबईचे माजी पोलीस आयुक्त ज्युलिओ रिबेरो, तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश साहनी आणि सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे यांनी मुंबईतही मोहल्ला कमिटीचं काम सुरू केलं.

पण त्याच भिवंडीत जुलै 2006 मध्ये कब्रस्तानाजवळच्या पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून वातावरण पेटलं आणि दोन पोलिसांना जमावाने मारलं. म्हणजे एकदा चांगलं काम झालं म्हणून ते आपोआप टिकत नाही, अधिकारी बदलतो, कमिटीतली माणसं म्हातारी होतात, आणि नव्याने परत सुरुवात करावी लागते. गावातली भांडणं गावातच मिटवायच्या तंटामुक्ती मोहिमेचंही तेच. तेव्हाचे गृहमंत्री आर. आर. पाटील, म्हणजे आबांनी 2007 ला ती आणली, गावोगाव कमिट्या झाल्या, आज कित्येक गावांत वेशीवर नुसता बोर्ड उरलाय.

आता काठ्यांच्या गस्तीबद्दल. 1 जुलै 2018 ला धुळ्याच्या साक्री तालुक्यात राईनपाड्याला मुलं पळवणारी टोळी आलीये ह्या अफवेवरून पाच जणांना ठेचून मारलं, नाथपंथी डवरी गोसावी समाजाची भिक्षा मागून जगणारी माणसं होती ती. 16 एप्रिल 2020 ला पालघरच्या गडचिंचल्यात चोर फिरतायत म्हणून गावकरी रात्री पहारा देत होते, त्यात दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर गेला, पोलीस समोर असताना. पोलिसांशी रोजचा संबंध नाही, खरं-खोटं विचारायला हक्काचा माणूस नाही, आणि हातात मोबाइल आणि काठी, की असंच होतं. कायदाही स्पष्ट आहे, डोळ्यांसमोर गंभीर गुन्हा करणाऱ्याला सामान्य माणूस धरू शकतो पण सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यायचं, मारायचा अधिकार कुणालाच नाही.

हे गावातच होतं असं समजू नका. आमच्याच ग्रुपवर मध्यंतरी सीसीटीव्हीतला एका पोराचा फोटो लाल गोल करून फिरला, "हा संशयित जिन्यात फिरतोय, दिसला तर पकडा". आमच्याच बिल्डिंगमध्ये पोळ्यांना येणाऱ्या मावशींचा मुलगा होता तो, आई डबा घरी विसरली तो द्यायला आलेला आणि मजला सापडत नव्हता. मावशी इतकी वर्षं येतायत, पण त्यांच्या घरी कोण आहे हे कुणाला ठाऊकच नव्हतं. फोटो डिलीट झाला, पण तोवर तीन सोसायट्यांमध्ये गेला होता. त्या दिवशी तो पोरगा कुणाच्या हाती लागला असता तर काय झालं असतं, ह्या विचाराने मला अजून झोप लागत नाही.

आणि पोलिसांनाही सांगायचंय, मनापासून. आमच्या शेजारच्या काकांचा मोबाइल बसमध्ये चढताना मारला, ठाण्यात गेले तर "चोरी नको, गहाळ लिहा" म्हणून दाखला हातात दिला. चोरी कागदावरच आली नाही तर त्या स्टॉपवर रोज संध्याकाळी मोबाइल जातायत हे तुम्हाला कळणार कसं आणि तिथे माणूस उभा करणार कसा? लोक येत नाहीत म्हणता, पण असा अनुभव आलेला माणूस परत कशाला येईल. बंदोबस्त, निवडणूक, गणपती, कोर्टाच्या तारखा, माणसं कमी, सगळं मान्य आहे. तरी सणाच्या आधी शांतता कमिटीची बैठक लावायची आणि त्यात दरवर्षी तेच चेहरे बोलवून चहा-बिस्किटं करायची ह्याने काही होणार नाही.

आम्ही काही जणांनी ठाण्यात अर्ज दिलाय. महिन्यातून एकदा बीटच्या हवालदारांनी आमच्याकडे यावं, त्यांचं नाव आणि नंबर प्रत्येक बिल्डिंगच्या बोर्डावर लागावा, आणि बैठकीला नुसते चेअरमन-सेक्रेटरी नकोत, वॉचमन, कामाला येणाऱ्या मावशी, नाक्यावरचे रिक्षावाले आणि भाजीवाले पण हवेत कारण रस्त्यावर काय चाललंय ते त्यांना आपल्यापेक्षा जास्त दिसतं. बैठकीआधी कुणाचाही फोटो ग्रुपवर टाकायचा नाही, काही वाटलं तर 112 ला फोन करायचा, एवढं आमच्या सोसायटीत ठरलंय. कल्याण पश्चिमेतल्या अजून कोणत्या सोसायटीला अर्जावर सह्या करायच्या असतील तर मला मेसेज करा, अर्जाची कॉपी पाठवते.