ग्रीन कार्डाच्या रांगेत असताना शिकता येते: एका फॉरवर्डला उत्तर

अमेरिकेतील मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांमध्ये सध्या एक लांबलचक संदेश फिरतो आहे. 'ग्रीन कार्डाची फाइल लागली असेल तर चुकूनही कॉलेजात प्रवेश घेऊ नका' अशी त्याची सुरुवात आहे आणि पुढे पाच मुद्दे आहेत. आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डासाठी कंपनीने करायचा अर्ज, दाखल झाल्यावर प्रवेश घेतला तर 'हेतू बदलला' असे धरून फाइल बंद होते, हा पहिला. एच-४ वर, म्हणजे एच-१बी या नोकरीच्या व्हिसावरील माणसाच्या जोडीदाराला व मुलांना मिळणाऱ्या व्हिसावर, पदवी घेता येत नाही, त्यासाठी एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा करून घ्यावाच लागतो, हा दुसरा. मास्टर्स केले की नोकरीच्या आधारावरच्या ग्रीन कार्डांच्या ईबी-३ या वर्गातून वरच्या ईबी-२ वर्गात जाता येते आणि वाट निम्म्यावर येते, हा तिसरा. नोकरीच्या क्षेत्राबाहेरचा विषय घेतला तर ग्रीन कार्ड हातचे जाते, हा चौथा. कार्ड आल्यावर शिक्षण स्वस्त पडते, तोवर थांबावे, हा पाचवा. पहिला मुद्दा शिकू नका म्हणतो आणि तिसरा शिकलात तर लवकर सुटाल म्हणतो. एवढी उघड विसंगती असूनही लोक तो पुढे पाठवत आहेत.

माझ्या भाचीपर्यंत हा संदेश तिच्या सांगलीच्या सासूबाईंकडून पोहोचला. ती न्यू जर्सीत एच-४ वर आहे, नवऱ्याचे आय-१४० मंजूर होऊन बरीच वर्षे झाली आहेत, आणि जैवसंख्याशास्त्राच्या मास्टर्ससाठी तिला एका सार्वजनिक विद्यापीठात प्रवेश मिळाला आहे. प्रवेश नाकारणारी ईमेल तिने लिहून ठेवली होती. पाठवण्याआधी फोन केला आणि म्हणाली, "मावशी, इतकी वर्षं थांबलोय, आता कशाला विषाची परीक्षा घ्यायची?" सासूबाईंनी काळजीपोटी पाठवले, त्यांना मी बोल लावत नाही. पण एकही नियम न वाचता, 'आमच्या वकिलाने सांगितले' एवढ्या आधारावर दुसऱ्यांच्या घरातले निर्णय फिरवणाऱ्यांचा मला मनापासून राग आला आहे.

पहिला मुद्दा निखालस खोटा आहे. परदेशी विद्यार्थ्यांची नोंद ठेवणारा अमेरिकी सरकारचा विभाग म्हणजे होमलँड सिक्युरिटी खात्यातील स्टुडंट अँड एक्स्चेंज व्हिजिटर प्रोग्रॅम. कोणत्या व्हिसावर शिकता येते आणि कोणत्या अटीवर, याचा 'नॉनइमिग्रंट्स: हू कॅन स्टडी?' या नावाचा तक्ताच त्याने प्रसिद्ध केलेला आहे. त्यानुसार एच-४ वरील जोडीदाराला आणि एकवीस वर्षांखालील मुलांना शिकता येते. एच-१बी वरील माणसालाही, ज्या नोकरीसाठी व्हिसा मिळाला ती नोकरी नीट चालू असेपर्यंत, शिकता येते. मनाई आहे ती बी-१ आणि बी-२ वाल्यांना, म्हणजे कामानिमित्त किंवा फिरायला आलेल्यांना. त्यांनी व्हिसा न बदलता अभ्यासक्रम सुरू करू नये, असा नियम २००२ मध्ये झाला. बहुधा तो नियम कोणीतरी अर्धवट ऐकला आणि सगळ्यांना लावून टाकला.

'हेतू बदलला' या शब्दप्रयोगाने लोक घाबरतात, म्हणून त्याबद्दलही स्पष्ट सांगते. एच-१बी वर राहत असताना कायमचे राहण्याची इच्छा बाळगणे १९९० च्या कायद्यापासून मान्य आहे आणि एच-४ वरील कुटुंबीयांनाही तीच मुभा आहे. आय-१४० हा अर्ज नोकरी देणाऱ्या कंपनीचा असतो. त्यात नोकरी खरी आहे का, कंपनी तो पगार देऊ शकते का, आणि प्रायॉरिटी डेटच्या (रांगेतली जागा ठरवणाऱ्या तारखेच्या) दिवशी माणूस त्या कामासाठी पात्र होता का, हे तपासतात. त्याच्या बायकोने नंतर कोणत्या विद्यापीठात नाव घातले, याची चौकशी त्यात कुठेच नाही. आय-४८५, म्हणजे रांगेत नंबर आल्यावर करायचा ग्रीन कार्डाचा शेवटचा अर्ज, दाखल होऊन निकालाची वाट पाहणाऱ्यांनाही शिकायला बंदी नाही.

दुसरा मुद्दा मात्र केवळ चुकीचा नाही, घातक आहे. पहिल्याने माणूस नुसता थांबतो. दुसऱ्याचे ऐकून लोक खरोखर अर्ज भरतात, फी भरतात, आणि हातात असलेली चांगली स्थिती सोडून अडचणीची स्थिती पत्करतात. एच-४ वर पूर्णवेळ पदवी घेता येते, हे वर आलेच. तरीही एफ-१ घेतले तर काय काय सोडावे लागते, हे एकेक करून पाहण्यासारखे आहे.

एफ-१ ची मूळ अट अशी की अर्जदाराचे परदेशात घर असावे आणि ते सोडून देण्याचा त्याचा इरादा नसावा. ज्या कुटुंबाचे आय-१४० मंजूर होऊन पडलेले आहे, त्याने ही गोष्ट कोणत्या तोंडाने सांगायची? अमेरिकेत राहूनच स्थिती बदलण्याचा अर्ज कधी मंजूर होतोही, परंतु त्याने पासपोर्टवर व्हिसा येत नाही. पुढे आईचे आजारपण, भावाचे लग्न असे काही निघाले आणि भारतात जावे लागले, की परतण्यासाठी वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत एफ-१ च्या स्टॅम्पिंगला उभे राहावे लागते. तिथे 'मी परत येणार' हे अधिकाऱ्याला पटवून देण्याची जबाबदारी अर्जदाराची असते. न पटल्यास कलम २१४(ब) खाली नकार मिळतो आणि नवरा व मुले एकीकडे, ती दुसरीकडे, अशी वेळ येऊ शकते. एच-१बी आणि एच-४ वाल्यांना हा प्रश्न त्या कलमाखाली विचारलाच जात नाही.

याहून कमी लोकांना ठाऊक असलेली बाब आय-४८५ नंतरच्या प्रवासाची आहे. तारीख लागून आय-४८५ दाखल झाल्यावर ज्याच्याकडे वैध एच-४ व्हिसा आहे आणि ज्याच्या जोडीदाराचे एच-१बी चालू आहे, त्याला त्यावर बाहेर जाऊन परत येता येते. एफ-१ वाल्याला ती सवलत नाही. तो अ‍ॅडव्हान्स परोल (बाहेर जाऊन परत येण्याची आगाऊ परवानगी) हातात येण्याआधी देशाबाहेर गेला तर त्याने आय-४८५ सोडून दिले असे धरले जाते. बारा वर्षे सांभाळलेली जागा विमानाच्या एका तिकिटापायी जाऊ शकते, आणि हे त्या संदेशात एका शब्दानेही आलेले नाही.

आता एफ-१ च्या बाजूने जे खरे आहे, तेही मांडते. एफ-१ वर कॅम्पसवर सत्र चालू असताना आठवड्याला २० तास काम करता येते, शिक्षणानंतर १२ महिन्यांचे ओपीटी, म्हणजे त्या क्षेत्रात काम करण्याची मुभा, मिळते, आणि विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित या शाखांत त्यावर आणखी २४ महिने. एच-४ वर यातले काही नाही. वर्क परमिट नसताना विद्यापीठाने देऊ केलेली असिस्टंटशिप (शिकताना करायचे पगारी काम) घेणे हे बेकायदा काम ठरते, आणि ती चूक महागात पडते. म्हणून नवऱ्याच्या ग्रीन कार्डाची अजून सुरुवातही झालेली नसेल, तर एफ-१ चा विचार करण्यात अर्थ आहे. पण २६ मे २०१५ पासून लागू असलेल्या नियमानुसार ज्याच्या जोडीदाराचे आय-१४० मंजूर आहे, त्याला एच-४ ईएडी, म्हणजे वर्क परमिट, मागता येते, आणि ते मिळाल्यावर असिस्टंटशिप, इंटर्नशिप, नोकरी सगळे करता येते, तासांचे किंवा महिन्यांचे बंधन न ठेवता. ज्यांना हा संदेश 'एफ-१ करा' म्हणून सांगतो आहे, ती नेमकी हीच मंडळी आहेत. मिळण्यासारखे फारसे काही नसताना त्यांनी सोडायचे मात्र सगळे, असा हा सल्ला आहे.

तिसऱ्या मुद्द्यात थोडे तथ्य आहे, आणि ते मी नाइलाजाने मान्य करते. ईबी-२ साठी मास्टर्स, किंवा बॅचलर्स आणि त्यानंतरचा पाच वर्षांचा चढता अनुभव लागतो, हे खरे. जुनी प्रायॉरिटी डेट नव्या अर्जाला जोडून घेता येते, हेही खरे. परंतु वर्ग ठरतो तो त्या नोकरीला काय पात्रता आवश्यक आहे यावरून. माणसाच्या भिंतीवर कोणती पदवी टांगलेली आहे यावरून ठरत नाही. शिवाय लेबरचा, म्हणजे आय-१४० च्या आधी श्रम खात्याकडे कंपनीने करायचा, अर्ज दाखल झाला त्या दिवशी पात्रता पूर्ण असावी लागते, त्यामुळे आज मिळवलेली पदवी जुन्या अर्जाला चिकटवता येत नाही. कंपनीने वरच्या पात्रतेची खरी जागा दाखवून नव्याने लेबर करायचे, मग नवे आय-१४०. त्यात आजकाल वर्षाहून बराच अधिक काळ जातो. आणि पदवीची फी त्याच कंपनीने भरलेली असेल, तर ती सोय तिने अमेरिकी उमेदवारांनाही देऊ केल्याखेरीज श्रम खाते ती पदवी धरत नाही. एवढे करूनही वाट निम्म्यावर येईल याची हमी कोणी द्यावी? ऑक्टोबर २०२० च्या व्हिसा बुलेटिनमध्ये, म्हणजे कोणत्या तारखेपर्यंतच्या अर्जांचा नंबर आला हे सांगणाऱ्या सरकारी मासिक पत्रकात, भारतीयांसाठी अर्ज दाखल करण्याची ईबी-३ ची तारीख १ जानेवारी २०१५ होती आणि ईबी-२ ची १५ मे २०११. त्या वेळी ईबी-२ मधल्या कित्येकांनी उलट ईबी-३ मध्ये अर्ज करून घेतले. माझ्या भाचीच्या बाबतीत तर हा मुद्दाच गैरलागू आहे, कारण रांगेतली फाइल नवऱ्याची आहे. तिच्या मास्टर्सने ती एका दिवसाने पुढे सरकणार नाही आणि मागेही जाणार नाही.

चौथ्या मुद्द्यावर फार वेळ घालवत नाही. शिकण्याचा विषय कोणी तपासत नाही. आय-४८५ दाखल होऊन १८० दिवस झाल्यावर मूळ अर्जदाराने नोकरी बदलली तर नवे काम जुन्यासारखे असावे लागते, एवढेच. रात्रीच्या वर्गाला जाऊन तत्त्वज्ञान शिकणाऱ्या प्रोग्रॅमरला काही होत नाही. नोकरी सोडून दिवसा शिकायला बसणाऱ्या एच-१बी वाल्याला मात्र जास्तीत जास्त ६० दिवसांत दुसरी व्यवस्था करावी लागते. हा फरक ज्याचा त्याने नीट समजून घ्यावा.

राहिला पाचवा मुद्दा, 'तोवर थांबा'. ग्रीन कार्ड आल्यावर केंद्र सरकारचे विद्यार्थी कर्ज मिळते आणि एच-४ वर ते मिळत नाही, हे बरोबर आहे. खासगी कर्जाला बहुतेकदा इथला नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक सहकर्जदार लागतो, हेही बरोबर. पण राज्यातल्या रहिवाशांची कमी फी फक्त ग्रीन कार्डवाल्यांना मिळते, हे सरसकट खरे नाही. कॅलिफोर्निया आणि टेक्सस यांसारख्या राज्यांत एच-१बी आणि एच-४ वाल्यांना सार्वजनिक विद्यापीठांत रहिवासी म्हणून सिद्ध होता येते, तर एफ-१ वाल्याला ते सहसा येत नाही. सार्वजनिक विद्यापीठांत या दोन फींमधला फरक कित्येक ठिकाणी दुपटीच्या घरात असतो. म्हणजे संदेशातला दुसरा सल्ला मानला तर पाचव्यात दाखवलेली बचत होण्याऐवजी खर्च वाढतो.

आणि थांबायचे म्हणजे किती? नोकरीच्या आधारावरची ग्रीन कार्डे वर्षाला साधारण १,४०,००० असतात, त्यात अर्जदारांची बायका-मुलेही धरलेली असतात, आणि कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना साधारण ७ टक्क्यांची मर्यादा आहे. २०२५ च्या अखेरीस भारतीयांच्या ईबी-२ रांगेत २०१३ सालच्या तारखांवर काम चालले होते. आज रांगेत शिरणाऱ्याची वाट किती वर्षांची, हे व्हिसा बुलेटिन सांगत नाही आणि कोणताही वकील छातीठोकपणे सांगू शकणार नाही. तारखा पुढे सरकतात तशा मागेही जातात. पस्तिशीतल्या बाईला 'कार्ड आल्यावर शिक' असे सांगणे म्हणजे तिला पन्नाशीत शिक म्हणण्यासारखे आहे, आणि हे सांगणारे बहुतेक जण स्वतः इथेच मास्टर्स करून नोकरीला लागलेले असतात, याचे मला फार वाईट वाटते.

शिकावे की नाही, हा प्रश्न पैशांचा आहे, मुलांना कोण सांभाळणार याचा आहे, पदवीनंतर त्या क्षेत्रात काम मिळते का याचा आहे. त्यावर घरात बसून, आकडे मांडून विचार करावा आणि उत्तर 'नको' आले तर तसे ठरवावे. ग्रीन कार्ड जाईल या भीतीने मात्र ठरवू नये.

ज्यांचे वर्ग येत्या ऑगस्टमध्ये सुरू होणार आहेत, त्यांनी दोन कामे आताच हाती घ्यावीत. रहिवासी फीसाठीचा अर्ज बहुतेक विद्यापीठांत सत्र सुरू होण्याआधी द्यावा लागतो आणि त्यासोबत भाडेकरार, कराची विवरणपत्रे, राज्याचे ड्रायव्हिंग लायसन्स अशी कागदपत्रे लागतात. एच-४ बद्दल त्या राज्याचा नियम काय, हे प्रवेश कार्यालयाला ईमेलने विचारून लेखी उत्तर जपून ठेवावे. दुसरे काम एच-४ ईएडीचे. ३० ऑक्टोबर २०२५ पासून दाखल होणाऱ्या नूतनीकरणाच्या अर्जांना पूर्वीची आपोआप मुदतवाढ मिळत नाही, त्यामुळे जुने कार्ड संपले आणि नवे आले नाही, तर असिस्टंटशिप त्या दिवशी थांबवावी लागते. मुदत संपण्याच्या १८० दिवस आधीपासून अर्ज करता येतो. तो त्याच आठवड्यात करावा.